डोकं आधी दुखलं की छाती?

मागच्या अंकात ब्रेन हॅमरेजबद्दल लिहिताना मी एक वाक्य जाता जाता लिहिलं होतं, की मेंदूभोवती रक्त साचलं तर कधीकधी पेशंटचा ईसीजी अगदी हार्ट अटॅकसारखा येतो. बाकी लेखावर फार कोणी काही बोललं नाही पण या एका वाक्यावर निफाड, दिंडोरी, सातपूर, नाशिकरोड अशी सगळीकडून इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. नावं कोणाचीच छापत नाहीये. आणि तुमच्या पेशंटची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे इथलं उत्तर समजून घ्यायला आहे, त्यावरून गोळ्या चालू-बंद करू नका, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

प्रश्न : माझी आई ५२ वर्षांची. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. थिनिंग चालू होतं आणि आई बायकांबरोबर बागेतच होती. एकदम डोकं धरून खाली बसली, म्हणाली डोक्यात काहीतरी फुटलं, उलटी झाली आणि दोन मिनिटांत शुद्ध हरपली. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, मोठा अटॅक आहे म्हणाले, रक्ताची टेस्टपण पॉझिटिव्ह आली आणि नाशिकला हार्टच्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, पहिलं काय दुखलं? डोकं म्हटल्यावर त्यांनी सरळ सीटी स्कॅनला नेलं, तर मेंदूत रक्तस्राव. ऑपरेशन झालं, आई आता घरी आहे. पण घरात अजून वाद चालू आहे की पहिल्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं का? अटॅक आला होता की नव्हता?

उत्तर : आई घरी आली हे वाचून फार बरं वाटलं. आता वादाचं. पहिल्या डॉक्टरांनी ईसीजी जसा होता तसाच वाचला, कागदावर जे दिसत होतं ते अटॅकसारखंच होतं. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रोटीन, तेही खरंच वाढलेलं होतं. फक्त इजा कशाने झाली ते हृदयात शोधून सापडणार नव्हतं कारण सुरुवात वरून, डोक्यातून झालेली होती.

मेंदूवर तीन आवरणं असतात. त्यातल्या मधल्या आणि अगदी आतल्या आवरणामध्ये जी जागा असते तिथून मेंदूचं पाणी फिरतं आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्याही तिथूनच जातात. या रक्तवाहिन्यांना जिथे फाटे फुटतात, म्हणजे जिथे एकीच्या दोन होतात, तिथे भिंत कच्ची असेल तर हळूहळू फुगा येतो. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. तो वर्षानुवर्षं गप्प असतो आणि एक दिवस फुटतो, मग रक्त त्या जागेत पसरतं. याला सबअ‍ॅरॅक्नॉइड हॅमरेज म्हणतात, आणि डोक्याला मार न लागता असं झालं असेल तर १०० पैकी साधारण ८५ जणांत कारण हा फुगाच असतो. फुटतो त्या क्षणी कवटीच्या आतलं प्रेशर झपकन वाढतं आणि मेंदूच्या आतले आणि खालच्या बाजूचे जे भाग हृदयाचे ठोके, बीपी, घाम हे सगळं आपल्या नकळत सांभाळतात, त्यात हायपोथॅलॅमस येतो, इन्सुला नावाचा भाग येतो, ब्रेनस्टेम येतो, ते सगळे एकदम खवळतात. तिथून सिम्पथेटिक मज्जातंतूंमार्फत खाली जो हुकूम सुटतो तो इतका जोरात असतो की हृदयाच्या स्नायूत शिरलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनलिनचा, म्हणजे हृदयाला जोर लावायला सांगणाऱ्या रसायनाचा, अक्षरशः पूर येतो.

लोकांना वाटतं की हे किडनीवरच्या ग्रंथीतून रक्तात आलेल्या अ‍ॅड्रिनलिनमुळे होत असेल. ते रक्तातही वाढतंच, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्या ग्रंथी काढून टाकल्या तरी मेंदूला धक्का दिल्यावर हृदयाला इजा व्हायची ती झालीच. म्हणजे मुख्य मारा होतो तो हृदयातल्या त्या मज्जातंतूंच्या टोकांतून, जागच्या जागी. पेशीत कॅल्शियम बेसुमार शिरतं, स्नायूचा तंतू आखडतो आणि पुन्हा सैल होतच नाही. मायक्रोस्कोपखाली अशा स्नायूत आडवे जाड पट्टे दिसतात, आणि ते पट्टे मज्जातंतूंच्या टोकांजवळ जास्त असतात, कोणत्या एका रक्तवाहिनीच्या हद्दीत नसतात. साध्या हार्ट अटॅकमध्ये याच्या उलट असतं, एक वाहिनी गुठळीने बंद पडते आणि तिच्या हद्दीतला स्नायू रक्ताविना मरतो. म्हणून तुमच्या आईसारख्या पेशंटची अँजिओग्राफी केली तर बहुतेक वेळा वाहिन्या स्वच्छ निघतात आणि घरचे म्हणतात मग अटॅक कसला?

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की हृदयाला इजा झाली होती पण वाहिनी बंद पडून होतो तो अटॅक बहुधा नव्हता. हे काही नवीन निघालेलं नाही. अमेरिकेत जॉर्ज बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली स्ट्रोकच्या पेशंटमधला हा ईसीजीचा नमुना नीट लिहून ठेवलाय, त्याच्याही आधी १९४७ मध्ये त्यावर लिहिलं गेलंय. आणि हे दुर्मिळही नाही, अशा रक्तस्रावात निम्म्याहून जास्त पेशंटच्या ईसीजीत काही ना काही बदल सापडतो आणि साधारण तिघांत एकाचं ट्रोपोनिन वाढलेलं असतं.

आता ज्यासाठी मी हे इतकं लांबण लावून लिहितेय ते. अटॅक समजून दिली जाणारी औषधं रक्त पातळ करणारी असतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपॅरिन, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी हे इंजेक्शन लवकर दिलं जातं आणि खऱ्या अटॅकमध्ये त्याने जीव वाचतात. पण मेंदूतला फुगा नुकताच फुटलाय, त्यावर एक कच्ची गुठळी कशीबशी बसलीय, ती जर विरघळली तर पुन्हा रक्त जाणार, आणि दुसऱ्यांदा फुटलेल्या फुग्यातून वाचणं फार अवघड असतं. तसंही पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांतच सगळ्यात जास्त असतो. नाशिकच्या त्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न, पहिलं काय दुखलं, त्या दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्हींपेक्षा जास्त कामाचा ठरला. पहिल्या डॉक्टरांवर राग धरू नका असं मी म्हणेन, बेशुद्ध पेशंट, घाबरलेली माणसं, हातात असा ईसीजी, कोणाचंही लक्ष छातीकडेच जाईल. त्यांना सुरुवात बागेत कशी झाली ते कोणी सांगितलं होतं का, हे मात्र घरात एकमेकांना विचारून बघा.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमी येतं की अटॅक वाटला तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा, डिस्प्रिन द्या. आम्ही दिंडोरीजवळच्या गावात राहतो, हॉस्पिटल लांब आहे म्हणून दोन्ही गोळ्या घरात आहेत. तुमचं वाचून भीती वाटली. आता द्यायच्या की नाही?

उत्तर : घाबरून गोळ्या फेकून देऊ नका. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा भरून येणं, घाम, असं छातीपासून सुरू झालेलं दुखणं असेल, माणूस शुद्धीत आणि नीट बोलत असेल, त्याला अ‍ॅस्पिरिनची (तुमची डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच) अ‍ॅलर्जी नसेल, कुठून रक्त जात नसेल, तर अ‍ॅस्पिरिनचा फायदा आहे, तो खराच आहे. सॉर्बिट्रेट मात्र डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली नसेल तर आपल्या मनाने नको, बीपी एकदम खाली येतं.

पण सुरुवात डोक्यापासून झाली असेल, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं सेकंदा-मिनिटात कमाल दुखायला लागलं, सोबत उलटी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, फिट येणं, शुद्ध जाणं, बोलणं अडखळणं, एक बाजू लुळी पडणं यातलं काही असेल तर यातली एकही गोळी तोंडात घालायची नाही. पाणीसुद्धा नाही, कारण अर्धवट शुद्धीतल्या माणसाला ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. फोनवर आणि नंतर कॅज्युअल्टीत फक्त अटॅक आलाय म्हणू नका, निदान डॉक्टरांना करू द्या. तुम्ही घडलं ते घडलं त्या क्रमाने सांगा, किती वाजता, काय करत असताना, पहिलं काय दुखलं, मग काय झालं, शुद्ध कधी गेली, आणि कोणती गोळी आधीच दिली गेलीय. दिली असेल तर लपवू नका, कोणी ओरडणार नाही, आणि ओरडलं तरी सांगा. दिंडोरीहून निघताना शक्यतो जिथे सीटी स्कॅन २४ तास चालू असतो तिथेच जा, ते १०८ वाल्या डॉक्टरांनाही विचारता येतं. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या ६ तासांत चांगल्या मशीनवर केलेला सीटी नीट वाचला तर हा रक्तस्राव सुटणं फार विरळा, नंतर नंतर रक्त फिकट होत जातं आणि मग पाठीतून पाणी काढून बघायची वेळ येऊ शकते.

प्रश्न : माझ्या मिसेसला (वय ४६) ब्रेन हॅमरेज झालं, नाशिकमध्येच कॉइलिंग केलं, म्हणजे फुग्यात बारीक तार भरून तो बंद केला. डोक्याचं सगळं व्यवस्थित झालं पण टू-डी इकोमध्ये पंपिंग ३० टक्के आलं. तिला कधी बीपी नाही, शुगर नाही, जिने चढायची. आता कायमचं हृदय कमजोर झालं का? बायपास लागेल का? आमच्या नाशिकरोडच्या घरी तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही म्हणून घर बदलायचं चाललंय.

उत्तर : दादा, घर बदलायची घाई करू नका. पंपिंग म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात आतल्यातलं किती रक्त बाहेर ढकलतो ते, आणि चांगल्या हृदयातही ते ५५ ते ७० च्या आसपासच असतं, १०० कधीच नसतं. हे आधी सांगते कारण ३० ऐकून लोक समजतात ७० टक्के हृदय गेलं.

मिसेसच्या बाबतीत जे झालं असावं त्याला डॉक्टर स्टन्ड मायोकार्डियम म्हणतात. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय कसा सुन्न होतो, पाय जागेवर असतो पण टाकायला गेलं की टाकता येत नाही, तशी त्या स्नायूची अवस्था झालेली असते. बराचसा स्नायू जिवंत असतो, फक्त काम बंद करून बसलेला असतो. ओळखायच्या दोन खुणा इकोच्या रिपोर्टमध्ये आणि रक्तात असतात. एक म्हणजे हालचाल कमी झालेला भाग कोणत्याही एका वाहिनीच्या हद्दीत बसत नाही. बऱ्याचदा हृदयाचं टोक छान हलत असतं आणि बुडाकडचा-मधला भाग मंदावलेला असतो, कारण सिम्पथेटिक मज्जातंतूंचं जाळं बुडाकडे जास्त दाट असतं. काहींमध्ये उलटंही दिसतं, टोक फुगलेलं आणि बूड जोरात आवळणारं, ताकोत्सुबो म्हणतात तो प्रकार, जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास तो पहिल्यांदा लिहिला आणि मोठ्या मानसिक धक्क्यानंतरही तो होतो. दुसरी खूण म्हणजे पंपिंग इतकं घसरलेलं असतं पण ट्रोपोनिन त्या मानाने थोडंच वाढलेलं असतं. खऱ्या अटॅकने पंपिंग ३० वर आलं असतं तर ट्रोपोनिन कितीतरी वर गेलं असतं. हा प्रकार बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि रक्तस्राव जितका मोठा, पेशंट येताना जितका गुंगीत, तितकी हृदयाला झळ बसायची शक्यता जास्त.

आणि बहुतेकांचं हे भरून येतं, काहींचं काही दिवसांत, काहींचं काही आठवड्यांत. म्हणून परत इको करायला सांगतील तो चुकवू नका, बरं वाटतंय म्हणून पुढे ढकलू नका, कारण त्यावरच औषधं कमी करायची की चालू ठेवायची हे ठरतं. बायपास हा बंद पडलेल्या वाहिन्यांचा उपाय आहे, वाहिन्या मोकळ्या असतील तर बायपासचा प्रश्नच येत नाही. पुढच्या इकोतही पंपिंग कमीच राहिलं तर मग हृदयाचा वेगळा आजार आहे का ते बघायला अँजिओग्राफी करावी लागेल, वयाने मोठ्या, शुगर असलेल्या पेशंटमध्ये दोन्ही आजार एकत्र असू शकतात, ते विसरून चालत नाही. जिन्याचं म्हणाल तर फिजिओथेरपिस्टला घरी बोलवून पहिल्यांदा त्यांच्यासमोर चढवा.

प्रश्न : मी सातपूरला कंपनीत आहे. भाऊ १७ दिवस आयसीयूत होता. पहिल्या दिवशी बीपी कमी करायचं औषध चालू होतं, ऑपरेशन झाल्यावर बीपी वाढवायचं चालू केलं, सोबत एक गोळी दर चार तासांनी होती तिच्याने परत बीपी कमी व्हायचं. मध्येच छातीत पाणी भरलं म्हणून व्हेंटिलेटर. एका डॉक्टरचं दुसऱ्याला माहीत नाही असं वाटत होतं. आम्ही बाहेर बसून वेडे झालो होतो.

उत्तर : बाहेर बसणाऱ्यांना हे कोणीतरी बसून समजवायला हवं होतं, तुमचा त्रागा मला अगदी मान्य आहे. आतमध्ये जे चाललं होतं त्याला मात्र अर्थ होता.

फुगा बंद होईपर्यंत बीपी जास्त ठेवलं तर तो पुन्हा फुटू शकतो, म्हणून आधी ते कमी, वरचं बीपी साधारण १६० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. फुगा क्लिप किंवा कॉइलने बंद झाला की ती भीती जाते पण नवीनच सुरू होते. सांडलेलं रक्त विरघळताना आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना चिडवतं आणि त्या आवळतात, साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात हे जास्त होतं. मेंदूच्या त्या भागाला रक्त कमी पडतं, माणूस दोन दिवस छान बोलत असतो आणि तिसऱ्या दिवशी सुस्त होतो, हात उचलत नाही. तेव्हा रक्त पुढे ढकलायला बीपी वाढवावं लागतं. आणि ती दर चार तासांची गोळी म्हणजे निमोडिपिन, ६० मिलिग्रॅम, ती २१ दिवस देतात. पेशंट पुढे कसा राहतो यात तिने फरक पडतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे, पण ती रक्तवाहिन्या सैलावणारीच गोळी असल्यामुळे बीपी खाली आणते, मग डोस विभागून द्यावा लागतो.

आता यात हृदय कुठे आलं? मेंदूला जेव्हा सगळ्यात जास्त जोराच्या रक्तपुरवठ्याची गरज असते नेमकं तेव्हाच हृदय दमलेलं असतं. बीपी वाढवायला सलाईन जास्त सोडलं तर ते दमलेलं हृदय पुढे ढकलू शकत नाही आणि पाणी फुफ्फुसात मागे साचतं. बरं, फुफ्फुसात पाणी भरायला हृदयच कारण लागतं असंही नाही, त्या पहिल्या नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या लाटेत फुफ्फुसाच्या बारीक वाहिन्यांवरचं प्रेशर इतकं वाढतं की त्या गळायला लागतात. पाणी काढायला लघवीचं औषध जास्त दिलं तर शरीर कोरडं पडून मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो, आणि या आजारात सोडियम आधीच घसरत असतं. म्हणजे एक ओढलं की दुसरं तुटतंय. अशा वेळी नुसतं बीपी वाढवण्यापेक्षा हृदयाचं आकुंचन सुधारणारी डोब्युटामिन किंवा मिलरिनोनसारखी औषधं थेंबाथेंबाने देतात, रोज नाहीतर दिवसाआड इको बघतात, किती पाणी गेलं, किती लघवी झाली हे तासातासाला लिहितात. भावाच्या फाइलमधला तो मोठा चार्ट मागून घ्या, त्यात बीपी कोणत्या दिवशी का वर-खाली केलंय ते ओळीने दिसेल. आयसीयूच्या डॉक्टरांना माझं सांगणं आहे की दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, घरच्या एका माणसाला आज काय बदललं आणि का, एवढं पाच मिनिटं सांगाच.

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अशा पेशंटच्या ईसीजीत आम्ही नेमकं काय बघायचं? आणि ठोके कमी होणं चांगलं का वाईट?

उत्तर : प्रश्न आवडला. छातीच्या लीड्स, म्हणजे छातीवर लावलेल्या पॅचमधून उमटणाऱ्या रेघा बघ, व्ही २ पासून व्ही ६ पर्यंत. टी वेव्ह जी एरवी छोट्या टेकाडासारखी वर असते ती इथे उलटी, खोल आणि रुंद, दोन्ही बाजूंनी सारखी लटकलेली दिसते, कधी इतकी मोठी की खालच्या लीडच्या रेघेत घुसते. एकदा पाहिलीस की विसरणार नाहीस. टी वेव्हच्या आधीचा रेघेचा भाग, एसटी, वर किंवा खाली असू शकतो, टी वेव्हच्या मागे यू वेव्ह नावाचा छोटा उंचवटा ठळक असू शकतो. पण तू सगळ्यात आधी क्यूटी मोज, म्हणजे ईसीजीत एका ठोक्याच्या क्यू पासून टी वेव्ह संपेपर्यंतचा वेळ. ठोक्यांच्या गतीप्रमाणे दुरुस्त केलेला क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की ताबडतोब डॉक्टरांना सांग, तिथून हृदयाची लय बिघडून पेशंट अचानक हातातून जाऊ शकतो. आणि औषधांच्या ट्रेवर लक्ष ठेव. या पेशंटना उलट्या होतात म्हणून आपण सहज ऑनडॅन्सेट्रॉन देतो, ते क्यूटी आणखी लांबवतं, अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्सही लांबवतात. पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी असेल तर धोका दुप्पट वाटावा असा वाढतो, रिपोर्ट आला की वाच, नुसता फाइलला लावू नकोस.

ठोके कमी होणं, तेही बीपी चढत असताना आणि श्वास अनियमित होत असताना, हे वाईट. मेंदूवरचा दाब इतका वाढलाय की खाली ब्रेनस्टेम दबायला लागलंय याची ती खूण आहे. हार्वे कुशिंग या सर्जनने १९०१ च्या सुमारास ती दाखवून दिली म्हणून कुशिंग रिफ्लेक्स म्हणतात. मॉनिटरवर ठोके ११० वरून ५० वर आले की पेशंट शांत झाला असं समजू नकोस, बाहुल्या बघ आणि आवाज दे.

प्रश्न : सिडकोत राहतो. वडील ७४, दोन वर्षांपूर्वी स्टेंट, रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये घसरले, तेव्हा काही झालं नाही. आता आठवडाभर सारखे झोपतात, चालताना एका बाजूला जातात. शेजारचे म्हणतात हार्टच्या गोळ्या बंद करा. त्यांच्याही हृदयावर असा परिणाम होईल का?

उत्तर : हे वाचून आज नाही, आत्ताच सीटी करून घ्या. म्हाताऱ्या माणसांत बाहेरच्या आवरणाखाली हळूहळू रक्त झिरपत राहतं, सबड्युरल म्हणतात, मार लागून तीन-चार आठवड्यांनी अशीच लक्षणं येतात आणि छोट्या ऑपरेशनने माणूस पुष्कळदा पुन्हा चांगला होतो. यात रक्त सावकाश साचतं त्यामुळे वर सांगितला तसा नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पूर सहसा येत नाही. त्यांच्या हृदयाला धोका आहे तो स्टेंटचा, गोळ्या अचानक बंद केल्या तर स्टेंट बंद पडू शकतो आणि चालू ठेवल्या तर डोक्यातलं रक्त वाढू शकतं. हा निर्णय शेजाऱ्यांनी घ्यायचा नाही आणि तुम्हीही नाही. हॉस्पिटलला जाताना गोळ्यांची पाकिटं आणि स्टेंटचं कार्ड बरोबर न्या, कोणती गोळी शेवटची कधी घेतली ते सांगा, आणि न्यूरोसर्जन व हार्टचे डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलल्याशिवाय काही ठरवू देऊ नका.

प्रश्न : माझी आई आणि मोठा भाऊ दोघंही मेंदूतला फुगा फुटून गेले. भाऊ तर हॉस्पिटलला पोचायच्या आधीच, त्याचं हृदय बंद पडलं म्हणून कागदावर हार्ट अटॅकच लिहिलंय, आईच्या वेळी स्कॅनमध्ये कळलं. भावाचं पोस्टमॉर्टेममुळे कळलं. मी ३८ वर्षांचा आहे, देवळालीत राहतो, डोकं अधूनमधून दुखतं. रोज रात्री हाच विचार येतो.

उत्तर : दोन सख्खी माणसं अशी जाणं, त्यानंतर झोप न लागणं, यात तुमचा काहीच कमकुवतपणा नाही. भावाबद्दल आधी बोलते. फुगा मोठा फुटला तर तोच मज्जातंतूंचा मारा हृदयाची लय काही मिनिटांत बिघडवू शकतो किंवा ब्रेनस्टेमच थांबून श्वास थांबतो. असे काही पेशंट घरी, रस्त्यातच जातात आणि बाहेरून ते हृदय बंद पडल्यासारखंच दिसतं. त्यांना कोणी लवकर नेलं असतं तर, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारत असाल, पण इतक्या लवकर गेलेल्या माणसाला पोचवूनही वाचवता येतं असं नसतं.

तुमच्यासाठी मात्र करण्यासारखं आहे. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं यांपैकी दोघांना हा आजार झाला असेल तर स्कॅन करून बघावं असं सांगितलं जातं. एमआर अँजिओग्राफी करतात, रेडिएशन नसतं आणि बऱ्याचदा सुई टोचायचीही गरज पडत नाही. न्यूरोच्या डॉक्टरांना आधी भेटा, नुसता स्कॅन करून रिपोर्ट हातात घेऊन घरी बसू नका, कारण फुगा दिसला तर पुढे काय हे आधी बोलून ठेवलेलं बरं. मोठ्या माणसांत १०० पैकी साधारण तिघांच्या मेंदूत फुगा असतो आणि त्यातले बहुतेक आयुष्यभर फुटत नाहीत. आकार, जागा, तुमचं वय, घरातला इतिहास बघून ठरतं की बंद करायचा की दर काही महिन्यांनी नुसता बघायचा. आधीपासूनचं, येतं-जातं असं डोकं दुखणं हे बहुतेक वेळा या फुग्याचं नसतं, त्यासाठी वेगळं औषध मिळेल. विडी-सिगरेट असेल तर आजच सोडा, फुगा फुटण्यामागे बीपी आणि धूम्रपान ही दोन कारणं सगळ्यात वर आहेत आणि दोन्ही आपल्या हातातली आहेत. किडनीत गाठी-गाठी होण्याचा आजार घरात कोणाला आहे का तेही विचारा, पॉलिसिस्टिक किडनी, त्याच्यासोबत हे फुगे जास्त सापडतात. जाताना आईचे जुने स्कॅन आणि भावाचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट घेऊन जा, आणि आणखी भाऊ-बहीण असतील तर त्यांनाही त्याच दिवशी सोबत न्या.